ओढून पाहिलेला सांधा

नागपुरात उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवून फिरणारी माणसं अजून सापडतात. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही म्हणतात. आमचे काकाही एप्रिल लागला की शर्टाच्या खिशात कांदा टाकायचे, पण स्वतःसाठी नव्हे. त्याच खिशात वायरी कथलाने सांधायची, गॅसवर चालणारी त्यांची सोल्डरिंग आयर्न असायची, आणि कांदा तिच्यासाठी होता.

"मले घाम येते गा," ते सांगायचे. "हिच्या पोटात गॅस भरला आहे, हिले घाम येत नाही. मंग कांदा कोणाले पायजे, तूच सांग."

यावर काय सांगणार? पहिली काही वर्षं मी वाद घालून पाहिला, नंतर सोडून दिला. त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि आमच्या धंद्यात दुपारपर्यंत माणसात बोलण्यापुरता जीवच उरत नाही.

काका माझे नात्याने कोणी नव्हते. ट्रक तोलायचे जे मोठे वजनकाटे असतात, ते दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा कंपनीत आम्ही दोघं जोडीने कामाला होतो. शहराला लागून असलेल्या वाडी गावातल्या गोदामांतून असे काटे जागोजाग आहेत. जमिनीत खड्डा, खड्ड्यावर लोखंडी फलाट, फलाटाच्या कोपऱ्यांखाली वजन ओळखणारे ठोकळे, आणि त्या ठोकळ्यांच्या वायरी केबिनपर्यंत गेलेल्या. केबिनमध्ये बसून आकडा बघायचं काम माझं आणि खड्ड्यात उतरायचं काम काकांचं. ही वाटणी कोणी करून दिली नव्हती. माझं पोट आडवं यायचं आणि काका काटकुळे होते, एवढंच.

खड्ड्यात बसण्यापुरती जागा, ग्रीसचा चिखल, ट्रकमधून सांडून कुजलेलं धान्य आणि त्या धान्यासाठी आलेले उंदीर. एवढं धान्य समोर पडलेलं असताना हे उंदीर वायर का कुरतडतात, ते मला आजवर कळलेलं नाही. वायर तुटली की काटा भलतंच वजन दाखवतो, गोदामाचा मालक फोन करतो आणि आमची मोटरसायकल निघते. बिघाडाचं कारण विचारलं की आम्ही 'उंदीर' सांगून मोकळे व्हायचो. बहुतेक वेळा ते खरंच असायचं, आणि उरलेल्या वेळी उंदीर काही तक्रार करायला यायचे नाहीत.

वायरवाली आयर्न काकांनी हातात धरलेली मी एकदाच पाहिली. केबिनमधून लांबलचक वायर ओढत आणली होती, काका अर्ध्या सांध्यावर होते, आणि कुणा ड्रायव्हरने मोबाईल चार्जिंगला लावायला आमचा प्लग काढला. कथील अर्धवट गोठलं. काका खड्ड्यातून वर आले, त्यांनी प्लगकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, आणि ती आयर्न फाटकाजवळच्या चहावाल्याला देऊन टाकली. "याच्यावर पापड भाज," म्हणाले. आयर्न कंपनीची होती, ही गोष्ट त्यांच्या लेखी नव्हतीच. साहेबांना उत्तर मलाच द्यावं लागलं.

तेव्हापासून गॅसवाली. आणि गॅसवालीचे नखरे वायरवालीपेक्षा दसपट. गॅस भरायचा तर आधी ती पूर्ण गार झाली पाहिजे, मग उघड्यावर जायचं, उलटी धरायची, आसपासच्या ड्रायव्हरांच्या तोंडातल्या बिड्या काका स्वतःच्या हाताने काढून घ्यायचे. भरून झाली तरी लगेच पेटवायची नाही. "तिचं जेवण पचू दे," असं म्हणत ते फलाटावर मांडी घालून बसायचे, आणि मागे ट्रक हॉर्न मारत उभे. हिवाळ्यात उलटा त्रास. सकाळच्या गारठ्यात गॅस जोर धरत नाही, म्हणून काका तिला काखेत दाबून धरत आणि एक हात अंगाला चिकटवून सगळीकडे वावरत. नव्या मालकांना वाटायचं, यांच्या काखेत गळू झालंय. एकाने तर खरोखर हळद-तूप लावायला सांगितलं होतं. काकांनी मान डोलावून ऐकून घेतलं.

सीताबर्डीच्या बाजारात त्यांच्याबरोबर खरेदीला जाणं ही वेगळीच शिक्षा. दुकानदार सांगायचा, इतका वेळ चालते, इतकी तापते, सोबत डबी फुकट. काका तिकडे लक्षच द्यायचे नाहीत. बिट, म्हणजे पुढचं तापणारं टोक, हातात घेऊन विचारायचे, "हे झिजल्यावर दुसरं कुठं भेटते?" दुकानदार गप्प झाला की, "मंग हे खेळणं आहे. जत्रेत विक." गॅसचा डबा घेताना आधी काचेवर फवारा मारून पाहायचे, काचेवर तेलकट डाग राहिला की डबा परत. असला गॅस आयर्नच्या नळ्या बुजवतो म्हणे. आणि सगळ्यात शेवटी, सगळं पसंत पडल्यावर, बिटाच्या बुडाशी जे लहानसं भोक असतं ते शोधायचे. आत जळलेल्या गॅसचा तापलेला वारा त्या भोकातून बाहेर पडतो.

"हे कोणीकडं आहे ते पाहाचं," ते मला दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायचे. "आपली नजर असते सांध्यावर. हे भोक आपल्याले न सांगता बाजूचं भाजून राहते."

मी "हो काका" म्हणायचो आणि मेट्रोचा पूल कुठे सावली टाकतो ते बघत राहायचो.

पण काकांचा खरा हट्ट पुढेच होता. सांधा मारून झाला, गार झाला की ते काट्याच्या मालकाला, मालक नसला तर मॅनेजरला, खड्ड्यात बोलवायचे. इस्त्रीचे कपडे घातलेल्या माणसाला वाकायला लावून त्याच्या हातात वायर द्यायचे. "वढा." तो बिचारा दोन बोटांनी ओढायचा. "तसं नाही, रागानं वढा." त्याने जोर लावला आणि सांधा टिकला, की तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी वर चढवून काका म्हणायचे, "आता हा तुमचा." ओढून पाहिल्याशिवाय त्यांनी एकही सांधा कुणाच्या स्वाधीन केला नाही. त्यांचा सांधा हातात आल्याचंही मला आठवत नाही. या गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत. दुसऱ्या कुणी मारलेला सांधा दिसला की दिवसभर त्या माणसाच्या बापाचा उद्धार चालायचा.

मग त्यांची जुनी आयर्न गेली. म्हणजे ती धडधाकट होती, पण तिचं बिट बाजारात मिळेनासं झालं. काकांनी सीताबर्डी पालथी घातली, मुंबईला जाणाऱ्या ड्रायव्हरांजवळ नमुना देऊन पाहिला. शेवटी नवीन घेतली. घेताना भोक तपासलं होतं, मी साक्षीला होतो. जुनीचं भोक धरल्यावर वरच्या बाजूला यायचं, नवीनचं खाली. "उलटं आहे," काका म्हणाले, "ध्यानात ठेवा लागन." डोक्याने त्यांनी ध्यानात ठेवलंही असेल. हाताला मात्र इतक्या वर्षांची जुनीचीच सवय होती.

ही गोष्ट दोन-तीन उन्हाळ्यांपूर्वीची. वाडीच्या एका डाळीच्या गोदामातून बोलावणं आलं. होळीच्या आधी आम्ही तिथे एक सांधा मारून आलो होतो. आता तिथे माल कमी पडत होता. कागदावर जेवढी डाळ बाहेर गेली होती, त्यापेक्षा जास्त गोदामातून नाहीशी झाली होती, आणि हे सगळे ट्रक सकाळच्या पाळीत तोललेले. सकाळच्या पाळीला काट्यावर रेखाताई बसायच्या. वाडीतच भाड्याच्या खोलीत राहणारी, नवरा नसलेली, तोंडाने जरा फटकळ बाई. मालकाचं म्हणणं, ही ड्रायव्हरांना सामील आहे. गाडीचं मागचं चाक फलाटाबाहेर ठेवायला लावते, म्हणजे वजन कमी उतरतं आणि वरची डाळ रस्त्यात विकली जाते. असं करणारे लोक असतात, ही काही मालकाच्या मनची गोष्ट नाही. त्याने ताईंना कामावरून काढलं होतं. आता आम्ही काटा ठीक असल्याचं लिहून दिलं की तो पोलिसांत जाणार होता.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ताई फाटकाबाहेर भिंतीच्या जेमतेम सावलीत डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला.

"इथं काहून बसली वं बाई?" काकांनी विचारलं.

"घरी बसली तर म्हणतीन पळाली," त्या म्हणाल्या. "रोजच येऊन बसतो."

आम्ही आत गेलो. ज्याचं वजन माहीत होतं असा भरलेला ट्रक फलाटावर घेतला, पुढे घेतला, मागे घेतला. आकडा बरोबर. मालक म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं? काटा एकदम ओके आहे. लिहून देऊन टाका." मला घरी जायचं होतं. डोकं ठणकत होतं, पाण्याची बाटली चहासारखी तापली होती. लिहिण्यासाठी मी पेनाचं टोपण काढलं, आणि काका चहा प्यायला म्हणून फाटकाकडे गेले. तिथे ताईंनी त्यांना अडवलं. मी मागून पोचलो तेव्हा त्या बोलत होत्या.

"दुपारी काय पाहता, काका? सकाळी पाहा. धुतल्यावर पाहा. मी रोज सकाळी काटा धुवून घेतो, चिखलाचं वजन नको म्हणून. तुम्ही तो सांधा मारून गेले ना, तवापासून धुतल्यावर आकडा खाली येऊन राहिला. सगळ्यांले सांगितलं. कोणी ऐकूनच नाही राहिलं."

काकांचा चहाचा कप हातात तसाच राहिला. "माया सांधा?" ते म्हणाले. "माया सांध्यात पाणी?"

"मी सांध्याचं काय जाणू? मी धुतलं की खाली येते, एवढं सांगून राहिली."

काकांनी चहा ओतून दिला. चहावाल्याची बादली उचलली आणि तडक खड्ड्यात उतरले. बाईला खोटं पाडायलाच ते उतरले होते, हे मी शपथेवर सांगतो. मी केबिनमध्ये जाऊन बसलो. ट्रक अजून फलाटावरच होता.

"आकडा पाय गा," खालून आवाज आला. मग पाणी ओतल्याचा आवाज.

मी पाहत होतो, आणि आकडा उतरू लागला. थोडा, मग आणखी.

"सांग ना बे."

"उतरला, काका."

मी जाऊन वाकून पाहिलं. काका टॉर्च धरून उकिडवे बसले होते. त्यांचा सांधा जिथल्या तिथे होता, नव्या नळीत, एक थेंब आत गेला नव्हता. पण त्याला लागूनच दुसऱ्या ठोकळ्याची वायर होती, आणि तिचं वरचं प्लास्टिक सांध्याच्या बाजूने वितळून आतल्या तारा दिसत होत्या. कोरड्यात त्या एकमेकींना लागत नव्हत्या. पाणी पडलं की वजन पाण्यातून गळत होतं. दुपारपर्यंत नागपूरच्या उन्हात सगळं वाळून पुन्हा नीट व्हायचं. काकांनी खिशातून आयर्न काढली, सांधा मारताना धरतात तशी धरली, आणि खालच्या भोकासमोर बोट नेऊन पाहिलं. बोट बरोबर त्या वितळलेल्या जागेवर टेकलं.

मला त्यांच्याकडे बघवलं नाही. हळूच म्हणालो, "उंदीर म्हणू, काका. बाई सुटते, आपणही सुटतो."

त्यांनी टॉर्च बंद केला. मी ते 'हो' समजलो आणि मालकाला सांगितलं, वायर उंदरांनी खाल्ली आहे, पाणी लागलं की वजन कमी येतं, बाईंचा दोष नाही.

मालक खुळा नव्हता. "आता खाल्ली असेल," तो म्हणाला. "काल खाल्ली असेल, परवा खाल्ली असेल. माल तर केव्हाचा जाऊन राहिला. तेव्हा पण उंदीरच होते, हे कशावरून?"

मालकाचं बरोबरच होतं. फाटकातून ताई आत येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीही ते ऐकलं, आणि तिथेच खाली बसल्या.

तेवढ्यात काका खड्ड्यातून अर्धे वर आले. कोपर फलाटावर टेकवून, तोंडाला ग्रीस लागलेलं.

"उंदीर नाही, शेठ," ते म्हणाले. "मी आहे. माया हातानं भाजली वायर. उंदराले तारीख नसते, मले आहे. मी होळीच्या आधी आलो होतो. आता सांगा, माल कधीपासून कमी पडून राहिला?"

मालकाने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर पुटपुटला, "होळीपासूनच, शेठ."

मालकाने दोन्ही हात कमरेवर ठेवले, आम्हाला दोन-चार हासडल्या, आमच्या साहेबांना फोन लावतो म्हणाला, आणि ताईंना म्हणाला, "या उद्यापासून."

ताई उठल्या नाहीत. मालकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. काकांना म्हणाल्या, "इथं चौघांत सांगून काय होते? मले चोट्टी म्हणणारे तिकडं उभे आहेत." फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली होती, आणि ड्रायव्हर सावलीला जमले होते.

मला वाटलं, आता काकांचं डोकं फिरणार. ते निमूट बाहेर गेले. दुसऱ्याचा सांधा दिसला की ज्यांच्यासमोर ते बाप काढायचे, त्याच ड्रायव्हरांसमोर उभे राहून म्हणाले, "या बाईनं काही केलं नाही. काटा मी बिघडवला. माया हात चुकला." उन्हाने बेजार झालेले ते लोक. कुणी 'अच्छा' म्हणालं, कुणी विचारलं गाडी केव्हा लागेल. इतकी वर्षं मी काकांबरोबर होतो, पण त्या दिवशी त्यांच्याबद्दल मला जे वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं, आणि मी ते त्यांना सांगितलंही नाही.

भाजलेला तुकडा कापून त्यांनी नवीन सांधा मारला. या वेळी आयर्न उलटी धरून, मनगट वाकडं करून, लहान पोराला पहिल्यांदा अक्षर काढताना लागतो तितका वेळ लावून. गार झाल्यावर मालक सवयीने खाली यायला वाकला, तर काका म्हणाले, "तुम्ही नाही, शेठ. बाईले पाठवा."

रेखाताई साडी खोचून उतरल्या. इतकी वर्षं त्या काट्यावर बसून त्यांनी खड्डा कधी आतून पाहिला नव्हता. काकांनी त्यांच्या हातात वायर दिली. त्यांना 'रागानं वढा' असं सांगावं लागलं नाही. ताईंनी दोन्ही हातांना वेढा देऊन अशी ओढली की काकाच मागे सरकले. सांधा टिकला. ताई वर आल्या, हात पुसले, आणि तडक घरी निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाल्या, असं मॅनेजर म्हणाला.

मालकाने फोन केलाच. साहेब काकांना म्हणाले, आता वय झालं, आराम करा. उंदीर म्हणाले असते तर आणखी पाच-सहा वर्षं खड्ड्यात काढली असती, ही गोष्ट आम्ही दोघांनीही कधी तोंडातून काढली नाही. काका आता शहरातल्या नंदनवन वस्तीत मुलाकडे असतात. आयर्न मला दिली नाही. उन्हाळा आला की ती घरातल्या घरात खिशात असते, आणि कांदाही. सुनेने आता त्यावर बोलणं सोडून दिलंय.

खड्ड्यात आता मी उतरतो, पोटासकट. गुडघे कुरकुरतात. वाडीच्या त्या गोदामात वर्षातून एक-दोनदा जावंच लागतं. माझं काम झालं की रेखाताई केबिनमधून उठून येतात, खाली उतरतात आणि ओढून पाहतात. माझा सांधा असातसाच ओढतात. मग त्याच्या पलीकडचा, त्या दिवशी ओढून पाहिलेला काकांचा सांधा शोधतात, पाय भिंतीला लावतात आणि ओढतात. दर वेळी. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंय. एकदा तरी तो निघावा, म्हणजे फिटंफाट होईल, असंच त्यांना वाटत असतं.

नंदनवनात गेलो की काका चहा यायच्या आधी विचारतात.

"गेला होता का तिकडं?"

"गेलो होतो."

"वढला तिनं?"

"वढला."

"निघाला?"

"नाही निघाला."

काका खिशातल्या कांद्याशी चाळा करत बसतात. पूर्वी हे ऐकून त्यांची छाती फुगली असती.

"निघाला असता तर बरं झालं असतं गा," मागच्या खेपेला ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "वढू दे तिले."